पूर्वकथा कुठे, किती आणि कधी: नव्या कथालेखकांसाठी

नवख्या लेखकाची कथा बहुतेक वेळा दुसऱ्या पानावर सुरू होते. पहिल्या पानावर नायिकेचं माहेर, वडिलांची नोकरी, भावकीतली वाटणी आणि थोरल्या काकांचा स्वभाव असतो. अद्भुतकथा असेल तर पानाऐवजी अख्खं प्रकरण जातं: सात राज्यं, तीन युद्धं, एक शाप, आणि ज्याची गोष्ट वाचायला आपण बसलो तो मुलगा अजून अंथरुणातून उठलेला नाही.

लेखकाला ही सगळी माहिती हवीच असते. वाचकाच्या हाती त्यातलं काय आणि कोणत्या क्षणी द्यायचं, एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी एक कसोटी पुरते. भूतकाळातली जी गोष्ट पात्राला या प्रसंगात काही करायला लावते किंवा करण्यापासून अडवते, ती पानावर येते. बाकीची वहीत राहते.

उदाहरणासाठी दोन कथा घेऊ. पहिली वास्तववादी. नारायण पेठेतला एक वाडा पुनर्विकासाला निघालाय. सगळ्या भाडेकरूंच्या सह्या झाल्यात, सुमनआजी तेवढी सही करत नाही. नातू मिहीर करारनामा घेऊन येतो. १२ जुलै १९६१ला पानशेत आणि खडकवासल्याची धरणं फुटली, त्या दिवशी आजीचे वडील याच वाड्याचा जिना उतरून खाली गेले आणि परत आले नाहीत, हे वाचकाला पुढे कळणार आहे. दुसरी अद्भुतकथा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून नळ आणला गेला आणि त्यावर जागोजागी उच्छ्वास, म्हणजे नळात हवा खेळती ठेवणारे उभे झरोके, बांधले गेले, हे खरं. त्या उच्छ्वासांतून उतरून नळाची राखण करणारे पाणके आजही आहेत, हे आपण रचलेलं.

पहिली पायरी: वही वेगळी, कथा वेगळी

पूर्वकथा आधी एका वेगळ्या वहीत लिहून काढा. तीन-चार हजार शब्दांच्या कथेला मुख्य पात्रामागे एक पान आणि दुय्यम पात्रामागे चार ओळी भरपूर होतात. कादंबरीच्या मुख्य पात्रांना प्रत्येकी चार-पाच पानं द्या. काल्पनिक जगाला दहा-बारा पानं द्या आणि तिथे थांबा. इथे थांबणं महत्त्वाचं, कारण जगाचा नकाशा, वंशावळी आणि नाण्यांची नावं रचत राहणं हा कथा न लिहिण्याचा सर्वांत सुखाचा मार्ग आहे. वर्षभर नकाशा रंगवणारे आणि एकही प्रसंग न लिहिलेले लेखक कमी नाहीत.

पात्राच्या पानावर पाच गोष्टी असल्या की काम भागतं: जन्मसाल, त्याला वळण देणारी एक घटना, त्या घटनेतून त्याने मनाशी धरलेली समजूत (ती चुकीची असली तर उत्तम), ती कोणापासून लपवली आहे, आणि त्या घटनेचा आज दिसणारा एखादा मागमूस: सवय, वस्तू, वण, टाळलेला रस्ता. पाचवी गोष्ट नवे लेखक हमखास विसरतात, आणि पुढे सगळ्यांत जास्त कामाला तीच येते. आजीच्या पानावर पाचवी नोंद अशी आहे: खडकवासल्याचं धरण गेल्यावर शहराच्या नळांचं पाणी तुटलं, त्यामुळे घरात माळ्यावर भरलेला हंडा ठेवायची पद्धत पडली. आजी तो अजून भरते.

त्याच पानाच्या मागे वयांचा तक्ता करा. एका बाजूला सालं, दुसऱ्या बाजूला प्रत्येक पात्राचं वय. पूर आठवायचा तर आजी तेव्हा निदान सात-आठ वर्षांची हवी, म्हणजे जन्म १९५३चा. कथा २०२५ मध्ये घडत असेल तर ती ७२ वर्षांची. तिला सवयीने ‘पासष्टीची आजी’ लिहिलं की पुराच्या वेळी ती एक वर्षाची ठरते आणि सगळी कथा कोसळते. मिहीर चोवीसचा असेल तर त्याचा जन्म २००१चा, आणि त्याची आई १९७५च्या आसपासची. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे घोळ झालेल्या कथा छापूनही येतात.

दुसरी पायरी: तीन खुणा

वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: ‘आत्ता’, ‘पुढे’, ‘माझ्यापुरतं’. जिच्याशिवाय पहिला प्रसंग समजणारच नाही ती ‘आत्ता’. जी कळल्यावर आधी वाचलेल्या प्रसंगाचा अर्थ पालटतो ती ‘पुढे’. उरलेल्या ‘माझ्यापुरतं’.

लघुकथेत ‘आत्ता’ची यादी तीन नोंदींच्या वर गेली तर बहुधा कथा चुकीच्या प्रसंगापासून सुरू होतेय. आपल्या कथेत ‘आत्ता’ फक्त दोन आहेत: मिहीर हा नातू आहे, आणि सही न झाल्यामुळे काम अडलंय. पूर ‘पुढे’मध्ये जातो. आजीचं लग्न, तिची शाळेतली नोकरी, जावयाशी न पटणं हे सगळं माझ्यापुरतं. इथे जीव तुटतो, कारण शाळेच्या नोकरीवर दोन झकास परिच्छेद लिहून झालेले असतात. ते वहीतच राहू द्या. आजीच्या बोलण्याची धाटणी त्यांनीच ठरवलेली असते.

तिसरी पायरी: पहिलं पान

पहिल्या दोनशे शब्दांत वाचकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: कोण, कुठे, आणि समोरासमोर असलेल्यांचं नातं काय. पहिल्या तीनशे शब्दांत भूतकाळाच्या सलग दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. पण मोडायचा तर कारण हाताशी असावं.

नेहमीची चूक अशी दिसते:

“सुमनआजी आठ वर्षांची होती तेव्हा, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं होतं. त्या पुरात तिचे वडील वाहून गेले होते. तेव्हापासून ती पाण्याला फार घाबरायची. या वाड्यात वडिलांच्या आठवणी असल्यामुळे तिला तो सोडवत नव्हता. आज मिहीर करारनामा घेऊन आला होता.”

पाच वाक्यांत सगळा ऐवज संपला. आजी सही का करत नाही हे कळलं, आता पुढे वाचण्याचं कारण उरलं नाही. तोच प्रसंग असा लिहून पाहा:

“मिहीरने करारनामा टेबलावर ठेवला. आजीने तो उचलला, स्टुलावर चढली आणि माळ्यावर हंड्याशेजारी सरकवून दिला.
‘अगं आजी, सही करायचीय त्यावर. वर काय ठेवतेस?’
‘जुलैत मी खाली काही ठेवत नाही.’”

साल नाही, धरण नाही, वडील नाहीत. तरी काहीतरी घडून गेलंय हे कळतं, आणि ते काय हे विचारायची इच्छा वाचकाच्या मनात तयार होते. ज्या पुणेकरांच्या घरात पुराच्या गोष्टी सांगितल्या गेल्यात त्यांना ‘जुलै’ या एका शब्दात अंदाज येईल. नाशिकच्या किंवा नांदेडच्या वाचकाला येणार नाही, म्हणून पुढे कुठेतरी ‘पानशेत’ हा शब्द यायलाच हवा. स्थानिक वाचकावर विसंबून राहू नका.

चौथी पायरी: माहिती वाहून नेणाऱ्या गोष्टी

पूर्वकथा निवेदकाच्या तोंडून येते तेव्हा ती सगळ्यात जड होते. तिला दुसरं वाहन शोधा. वस्तू आणि सवय ही दोन वर आलीच. तिसरं वाहन म्हणजे कागद: जुनी भाडेपावती, वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण, सातबाऱ्यावर कमी झालेलं नाव. कागद कथेत जसाच्या तसा उतरवायचा तर चार-पाच ओळींपर्यंतच, आणि वाचणाऱ्या पात्राने तो घाईत, अर्धवट किंवा चुकीचा वाचला तर अधिक रंगतो.

चौथं वाहन भांडण. शांतपणे बसून कोणी स्वतःचा इतिहास सांगत नाही, पण भांडणात जुनं सगळं वर येतं. शिवाय दोन माणसं एकाच घटनेच्या दोन कहाण्या सांगतात, त्यामुळे वाचक कान टवकारतो.

पाचवं वाहन मराठीला फुकट मिळालंय आणि त्याचा वापर फार कमी होतो: माणसं एकमेकांना काय म्हणतात. चाळीस वर्षं वाड्याच्या मालकाला ‘दादा’ म्हणणारी भाडेकरीण आज दारात उभी राहून ‘मालक’ म्हणाली, की मधल्या काळातला दुरावा सांगायला परिच्छेद लागत नाही. सुनेने सासूला ‘आई’ म्हणायचं सोडून ‘तुमच्या आई’ असं नवऱ्याला ऐकवलं, मित्राने ‘अरे’वरून ‘अहो’वर उडी मारली, काकू असलेली बाई अचानक ‘मावशी’ झाली. अशा प्रत्येक बदलामागे एक पूर्वकथा असते, आणि ती एका शब्दात पोचते. अट एकच: जुनं संबोधन वाचकाने आधी निदान दोनदा ऐकलेलं असावं, नाहीतर बदल लक्षातच येत नाही.

संवादात टाळायचा प्रकार म्हणजे दोघांनाही माहीत असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगणं. “तुला माहीतच आहे आजी, आजोबा १९९८ साली गेले आणि मग बाबांनी कोथरूडला फ्लॅट घेतला.” असं घरात कोणी बोलत नाही. ‘तुला माहीतच आहे’, ‘आठवतं ना’, ‘आपण मागे ठरवलं होतं तसं’ हे शब्द हस्तलिखितात शोधा. त्यांच्या पुढची माहिती बहुतेक वाचकासाठी कोंबलेली सापडेल. उपाय म्हणून माहिती नसलेलं पात्र प्रसंगात आणता येतं, मोजणीला आलेला सर्व्हेअर किंवा नवी भाडेकरीण. पण त्या पात्रालाही स्वतःचं काही काम हवं. नुसता प्रश्न विचारायला आणलेला माणूस लगेच ओळखू येतो.

पाचवी पायरी: भूतकाळात जाणं आणि परत येणं

कधीकधी जुना प्रसंग सविस्तर दाखवावाच लागतो. तेव्हा मराठीत एक अडचण हमखास येते: ‘होता’चा पाऊस. “वडील जिना चढले होते. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. अंगणात पाणी शिरलं होतं. शेजारून हाक आली होती.” चार वाक्यांत वाचक कंटाळतो, कारण प्रत्येक ‘होतं’ त्याला आठवण करून देतं की हे संपून गेलंय.

कृती सोपी आहे. आत शिरताना दोन किंवा तीन वाक्यं ‘होता-होती-होतं’ची ठेवा. वाचक मागच्या काळात पोचला की साध्या भूतकाळावर या. बाहेर पडताना आजच्या प्रसंगातला आवाज किंवा वस्तू मध्ये आणा.

“वडिलांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. अंगणात पाणी शिरलं होतं, आणि त्यावर कोणाचा तरी पाट तरंगत होता. मधल्या जिन्यावर ते थांबले. खालून हाक आली. त्यांनी सुमनला माळ्यावर ढकललं, ‘हलू नकोस’ म्हणाले आणि उतरले. पावलं तिने मोजली. सात.
‘आजी, पेन देऊ?’ मिहीर विचारत होता.”

दुसरी अडचण ‘-यचा’ची. ‘ते रोज फिरायला जायचे, येताना भाजी आणायचे, मग आम्हाला गोष्ट सांगायचे’ अशी वाक्यं लिहायला सुखाची असतात, पण त्यात काहीच घडत नाही. तीन ओळींनंतर एक ‘त्या दिवशी’ यायलाच हवा. येत नसेल तर तो परिच्छेद माझ्यापुरता.

लांबीचं म्हणाल तर लघुकथेत असा सविस्तर भूतप्रसंग एकच, दीडशे-दोनशे शब्दांचा, आणि कथेच्या मध्याच्या जरा पुढे. शेवटच्या निर्णयाच्या क्षणी तो घालू नका. आजी पेन हातात घेते आणि तिथून आपण थेट १९६१ला जातो, हे सिनेमात चालून जातं. कागदावर त्यामुळे सगळा ताण ओसरतो, कारण वाचकाला पेनचं काय झालं ते हवं असतं.

सहावी पायरी: रचलेल्या जगाचे नियम

आता पाणके. इथे मोह दुप्पट असतो, कारण जग आपणच रचलेलं. “पाणक्यांचा समाज १७५० साली स्थापन झाला. त्यांचे पाच नियम होते. पहिला नियम…” असं सुरू झालं की वाचकाला परीक्षेची गाइड उघडल्यासारखं वाटतं. त्याऐवजी एक नियम, एका कृतीत:

“शिडीच्या तिसऱ्या पायरीवर तिने चपला काढल्या. म्हाताऱ्याने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट केलं.
‘नाव वर ठेवून उतरायचं.’
‘विसरलं तर?’
म्हाताऱ्याने कंदील तिच्या हातात दिला. ‘सांभाळून, पायरी ओली आहे.’”

नियम कळला, मोडल्यावर काय होतं ते कळलं नाही, आणि ते कळेपर्यंत वाचक सोबत खाली उतरतो. मात्र हे उधार आहे. पुढे कोणीतरी तिला खाली नावाने हाक मारलीच पाहिजे.

रचलेल्या जगात चार गोष्टींची शिस्त पाळा. पहिल्या प्रसंगात नवे पारिभाषिक शब्द दोनच. अख्ख्या कथेत तीनदाही न येणारा शब्द काढून टाका आणि तिथे साधं बोला. शब्द घडवताना ‘जलमार्गसंरक्षकगण’ असली संस्कृत इमारत उभारण्याआधी भाषेच्या कोठीत पाहा: पाणके, हौद, चौकी, वतन, कारखाना, फड हे शब्द वाचकाला निम्मे आधीच माहीत असतात, त्यामुळे समजावण्याचा खर्च वाचतो. आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची: ज्या शक्तीने किंवा नियमाने शेवटी सुटका होणार, तिची मर्यादा आणि किंमत वाचकाला निदान दोन प्रसंग आधी कळलेली असावी. संकट आल्यावर आठवलेला नियम लबाडी वाटतो.

जगाचा इतिहास एकाच जाणत्या म्हाताऱ्याच्या तोंडी देऊ नका. पाणके म्हणतात नळ जिवंत आहे. पाणीपुरवठा खात्यातला इंजिनिअर म्हणतो उतारावर वाहणारं पाणी आहे, दुसरं काही नाही. दोघांना आपापलं कारण द्या. जगाला खोली अशा मतभेदांतून येते. मागे जोडलेल्या शब्दसूचीवर भिस्त ठेवू नका. फोनवर वाचणारा माणूस मागची पानं उलटत नाही.

खरा इतिहास वापरताना

पुण्यातली कथा असेल तर खऱ्या तपशिलाची चूक कोणीतरी पकडणारच, आणि पत्र लिहून कळवणार. १९६१च्या प्रसंगात कोणी टीव्हीवर बातमी पाहिली तर संपलं, कारण मुंबई दूरदर्शनच १९७२ साली सुरू झालं. नाणी तेव्हा ‘नवे पैसे’ होती, दशमान पद्धत १९५७ सालची. तरी बोलताना म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आणेच असणार. असा तपशील प्रसंगाला एकच घ्या, आणि त्यामुळे कोणाची तरी गैरसोय होऊ द्या: वाण्याने आण्यांचा हिशेब नव्या पैशांत करताना पोरीला फसवलं, तर तो तपशील कामाला लागला.

संदर्भासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळा. १८४८ साली सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर आणि पेशवाईसाठी सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१०चं, ही ठिकाणं शहरातच आहेत. वीस टिपणं काढलीत तर तीन वापरा. ‘एवढे कष्ट केले’ म्हणून घातलेला परिच्छेद वाचकाला लगेच कळतो.

सातवी पायरी: दोन रंगांच्या पेन्सिली

पहिला खर्डा झाल्यावर आठवडाभर बाजूला ठेवा, मग छापून घ्या. भूतकाळ असलेल्या ओळी निळ्या करा, जगाची माहिती हिरवी. तीन हजार शब्दांच्या कथेत रंगवलेला भाग चारशे ते सहाशे शब्दांचा असेल तर ठीक. मग तीन जागा तपासा: पहिलं पान, शेवटचा प्रसंग, आणि सात ओळींपेक्षा मोठा कुठलाही रंगीत ठोकळा.

ठोकळा सापडला की आधी तो पूर्ण काढून पुढचा प्रसंग वाचा. प्रसंग उभा राहिला तर काढलेला भाग परत घालू नका. अडला तर नेमकं कोणत्या वाक्यापाशी अडला ते पाहा आणि तेवढीच माहिती त्या वाक्याच्या अलीकडे, एका ओळीत द्या. दहा ओळींच्या जागी एक ओळ पुरते, असं वारंवार दिसेल.

उलट दुखणंही असतं. ‘सगळं दाखवा, सांगू नका’ हे फार मनावर घेतलेले लेखक काहीच सांगत नाहीत. दोन माणसं खोलीत कुजबुजतात, ‘ते’ घडलं त्याबद्दल बोलतात, आणि चार पानं झाली तरी ती नवरा-बायको की बहीण-भाऊ हे कळत नाही. नातं, जागा, वय ही माहिती सरळ सांगा. त्यात कसलीही कला जात नाही.

याहून अवघड प्रश्न लपवण्याचा. कथा आजीच्या मनातून सांगितली जात असेल तर तिला पूर आठवतोच. तो मुद्दाम पंधरा पानं दडवला तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. मार्ग तीन. निवेदन मिहीरच्या बाजूने करा, म्हणजे त्याला खरंच माहीत नाही. किंवा आजी तो विषय मनात आला की दुसऱ्या कामाला लागते, हे वाचकाला दिसू द्या. किंवा पूर लवकर सांगून टाका आणि उत्कंठा ‘काय झालं होतं’ऐवजी ‘आता ती काय करणार’वर ठेवा. तिसरा मार्ग सर्वांत भक्कम, कारण दुसऱ्यांदा वाचतानाही तो टिकतो. नवे लेखक त्याला घाबरतात, कारण हातातलं गुपित गेल्यासारखं वाटतं.

आठवी पायरी: दोन वाचक

घरातले वाचक नकोत. त्यांना तुमची वही तोंडी पाठ असते. दुसऱ्या कोणाही दोघांना कथा द्या, आधी काही समजावू नका, आणि वाचून झाल्यावर चार प्रश्न विचारा. आजी सही का करत नव्हती? हे तुला कुठे कळलं, तिथे बोट ठेव. कुठे वाचताना डोळे पुढे सरकले? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?

पहिल्या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी आली आणि दोन्ही कथेत बसत असतील तर काही बदलू नका. दोघांनाही उत्तर येत नसेल तर माहिती कमी पडली. डोळे सरकले तिथे बहुधा तुमचा निळा किंवा हिरवा ठोकळा सापडेल. पुन्हा वाचावं लागलं तिथे एखादं नाव, नातं किंवा साल उशिरा आलंय; ते एक प्रसंग अलीकडे सरकवा. सुधारलेली कथा तपासायला मात्र तिसरा वाचक शोधा, पहिल्या दोघांना आता हंडा माळ्यावर का आहे ते माहीत झालेलं असतं.